अकरा सेकंदांचा वरुण

सातव्या दिवशी अनुसयाने भरल्या पाण्याला लाथ मारली. परात भिंतीवर आदळली, चिनी मातीची वाटी फुटली, तिची कपची भंतेंच्या घोट्यात घुसली आणि पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायका किंचाळत उठल्या. जयपुरात मराठी बौद्धांची घरं ती किती, पंधरा-वीस. कोणी लष्करातलं, कोणी बँकेतलं, कोणी विम्यातलं. ती सगळी माणसं झोटवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली होती, आणि सगळ्यांच्या देखत ही बाई ओरडली, “माह्या पोराले मारणारा जित्ता हाय अन् मी पाणी सोडू? तो मरन त्या दिवशी सोडीन. तोवर या घरात कोनी तांब्या उचलाचा नाही!”

जलदान तसं साधं असतं. घरातल्या सगळ्यांनी एका तांब्याला हात लावायचा, भंते सुत्त म्हणत असताना पाण्याची बारीक धार वाटीत सोडायची आणि वाटी भरून पाणी परातीत सांडू द्यायचं. आपलं पुण्य गेलेल्याच्या वाट्याला जावं, एवढीच त्यामागची इच्छा. कावळा नाही, पिंड नाही, तेरावं नाही. माणूस गेला हे घराने एकमेकांच्या हाताला हात लावून कबूल करायचं असतं, आणि अनुसयाला नेमकं तेच कबूल करायचं नव्हतं.

भंते वर्ध्याकडचे, साठी उलटलेले. त्यांनी घोट्यातली कपची उपटून काढली, वर रुमाल बांधला आणि म्हणाले, “सांडायचंच होतं, माई. जरा लवकर सांडलं.” त्यांचा शांतपणा पाहून अनुसयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दाराकडे बोट दाखवलं. भंते लंगडत गेले, आणि वर्षभर त्या घरात कोणी पुन्हा तो विषय काढला नाही.

वरुण बावीस वर्षांचा होता. घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवायचं काम करायचा. मागल्या वर्षी होळी होऊन आठवडा झाला असेल, भर दुपारी त्याची स्कूटर कापडाचे गठ्ठे भरलेल्या एका टेम्पोला घासली आणि टेम्पोचा आरसा फुटला. टेम्पोवाला लोकेश, वय सव्वीस, टायर खोलायचा लोखंडी पाना घेऊन खाली उतरला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानामागे, तिसरा खाली पडल्यावर. आरोपपत्रातली ही ओळ अनुसयाला पाठ होती. एका आरशापायी माणूस मारला! आणि चाळीस माणसं उभी राहून बघत होती. त्यांतल्या एकाने मोबाइल काढून सगळं टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराने अनुसयाच्या पोराचं मरण चहा पिता पिता पाहिलं. थू त्या चहावर.

तो व्हिडिओ अनुसयाच्या मोबाइलमध्येही होता. एक मिनिट चार सेकंदांचा. रोज दुपारी ती न्हाणीघरात जायची, आतून कडी लावायची, बादलीखाली नळ सोडायची आणि मोबाइल उघडायची. घरच्यांना वाटायचं, आत रडते. तिच्या मुलीला, कीर्तीला, शंका होती की मम्मी तो व्हिडिओ पाहते, आणि त्या विचाराने तिच्या अंगावर काटा यायचा. आपल्या पोराला रोज मरताना पाहणारी आई कसली, असंही तिला कधीकधी वाटायचं.

खरी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. अनुसया फक्त अकरा सेकंद पाहायची.

त्या अकरा सेकंदांत वरुण स्कूटरवरून उतरतो. घाईगर्दीतही ती मेन स्टँडवर नीट लावतो, घरापुढे लावायचा तशीच. हेल्मेट काढतो, स्कूटरच्या आरशाला अडकवतो, बोटांनी केस सारखे करतो. समोर लोकेश उभा असतो, गुलाबी शर्ट, गळ्यात लॉकेट, पाना पायाच्या मागे धरलेला. वरुण हात जोडून थोडासा हसतो आणि म्हणतो, “भैया, शीशा मैं लगवा दूँगा. सुनो तो सही.” इथे अकरावा सेकंद संपतो, आणि इथेच अनुसयाचा अंगठा पडद्यावर पडायचा. एकदाही चुकला नाही. “हेल्मेट नको काढू रे,” एवढं ती रोज म्हणायची, आणि वरुण रोज काढायचा. पण बारावा सेकंद तिने कधी पाहिला नाही. अकराव्यापर्यंत पोरगं जिवंत होतं, आणि ते तिच्या मुठीत होतं.

म्हणूनच नवऱ्याने एकदा “सगळं अनित्य हाय, अनुसया” असं म्हटलं, तेव्हा हातातलं झाकण तिने त्याच्या तोंडावर फेकलं. भुवई फाटली, चार टाके पडले. “पुन्हा तो शब्द काढसान तं जीभ हासडीन,” ती म्हणाली. आनंदराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता एका गोदामावर दिवसपाळीचा पहारेकरी. सहा फूट उंच माणूस, पण घरात मांजरासारखा वावरायचा. त्याने रक्त पुसलं, झाकण उचललं आणि पुन्हा भातावर ठेवलं. रोज पहाटे तो बुद्धाच्या मूर्तीपुढे अर्धा तास डोळे मिटून बसायचा. पोरगं गेल्याच्या दहाव्या दिवशीही बसला. याच्या अंगात रक्त नाही, फिल्टरचं पाणी आहे, असं अनुसयाचं ठाम मत झालं होतं आणि ते तिने शेजारणींनाही सांगितलं होतं.

एप्रिलच्या एका बुधवारी सकाळी ती खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती. खलबत्ता सासूचा, लोखंडी, अमरावतीहून निघून पठाणकोट, जोधपूर असं करत प्रत्येक बदलीत सोबत आलेला. कीर्ती कॉलेजला निघाली होती. दारात चप्पल घालता घालता ती थांबली.

“मम्मी, मतलब… तुला कोणी सांगितलं नसेल. त्या लोकेशला बेल भेटली. सोमवारी. पापांना वकिलाचा फोन आला होता.”

बत्ता हवेतच थांबला. “तुह्या पापानं मले कायले नाही सांगतलं?”

“तू असं काही करशील म्हणून.”

“असं म्हंजे कसं?”

कीर्ती जिना उतरून गेली. अनुसयाने खलातले दाणे डब्यात ओतले, बत्ता धुतला, पुसला आणि भाजीच्या कापडी पिशवीत ठेवला. दोन किलोच्या आसपास वजन. त्या पान्याचं वजन आरोपपत्रात दिलं होतं, पावणेदोन किलो. हे थोडं जास्त भरलं म्हणून तिला बरं वाटलं. मग तिने नवऱ्याच्या फायलीतून आरोपपत्र काढलं आणि आरोपीचा पत्ता वाचला. सांगानेर, छपाईच्या कारखान्यामागे, धुलाईचं अंगण.

दोन बस बदलून ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात सिमेंटचे तीन हौद होते, एकात लाल पाणी, दोनांत निळं. तारांवर छापील कापडाचे लांबच लांब पट्टे वाळत होते. पन्नाशीची एक बाई दगडावर ओलं कापड टाकून लाकडी मोगरीने बडवत होती. बडवणं कसलं, ती त्या कापडावर कसलातरी सूड उगवत होती. अनुसयाला पाहून ती थांबली.

“कपड़ा लेने आई हो? अभी गीला है. बैठो.” आणि तिने माठातलं पाणी लोट्यात काढून पुढे केलं.

अनुसया ते प्यायली. तहान लागली होती, म्हणून प्यायली. त्या दिवशी जे जे घडलं, त्यात या पाण्याचा राग तिला सगळ्यात शेवटपर्यंत राहिला.

“लोकेश?” लोटा परत देत तिने विचारलं.

“वो रहा मेरा लोकेश.” बाईने मोगरीने पलीकडच्या हौदाकडे दाखवलं. आवाजात लपवूनही न लपणारा आनंद होता. पोरगा तेरा महिन्यांनी घरी आला होता. “टेम्पो तो गया. अब माँ के साथ कपड़े धोता है.”

तो गुडघाभर निळ्या पाण्यात उभा राहून कापड पिळत होता. तुरुंगात केस बारीक कापलेले, मानेची हाडं वर आलेली. गुलाबी शर्ट नव्हता, पण लॉकेट तेच होतं. रोज अकरा सेकंद पाहिलेला माणूस चुकणार कसा? अनुसया हौदाच्या काठाशी गेली. पिशवीतून बत्ता काढला. तो वळला आणि तिच्याकडे पाहून गोंधळला, कारण त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

“वरुण की माँ हूँ मैं,” ती म्हणाली, आणि हाणला.

पहिला घाव खांद्यावर, ठरल्याप्रमाणे. वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला. “माँ!” असं ओरडत तो पाण्यात कोसळला. अनुसया साडीनिशी काठ ओलांडून हौदात उतरली. त्याने एक हात वर केला, तो तिने कोपराने बाजूला केला, त्याची मान पकडली, बोटं त्या आखूड केसांत रुतवली आणि डोकं वर ओढलं. त्याच्या नाकातोंडातून निळं पाणी येत होतं. तो बोलायचा प्रयत्न करत होता, पण तिला त्याचं काही ऐकायचं नव्हतं. आता दुसरा, कानामागे. कान तिच्या समोर होता, लहान, पाण्याने सुरकुतलेला. वर्षभर तिने या क्षणाची वाट पाहिली होती, आणि खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला आनंद झाला. तिने बत्ता उचलला.

आणि मोबाइल दिसला.

छपाईच्या शेडच्या दारात एक कारागीर उभा होता, कोपरापर्यंत हात निळे. त्याने मोबाइल आडवा धरला होता. सगळं नीट चौकटीत यावं म्हणून आडवा. कधीपासून टिपत होता कोण जाणे. लोकेश कापड पिळत होता तेव्हापासूनच असेल.

अनुसयाला सगळं एकदम दिसलं. तो व्हिडिओ असाच सुरू होईल. पोरगा हौदात उभा आहे, कापड पिळतोय, धडधाकट. एक बाई काठाशी येते. मग ही मोगरीवाली बाई रोज दुपारी कुठेतरी दार लावून बसेल, नळ सोडेल आणि पहिला घाव बसायच्या आत अंगठा टेकवेल. रोज पोराला म्हणेल, पळ रे. आणि पोरगा रोज कापड पिळत उभा राहील. तसं जगणं म्हणजे काय असतं हे साऱ्या जयपुरात एकट्या अनुसयाला ठाऊक होतं, आणि ते तिने शत्रूलाही दिलं नसतं. इथे तर शत्रूची आईच होती समोर, आणि तरीही देववेना.

“बंद कर!” ती किंचाळली. “बंद कर वो मोबाइल!”

आणि बत्ता फेकला. सारी ताकद त्या फेकीत होती. तो कारागिराच्या हातावर बसला, मोबाइल उडून दगडावर आपटला आणि त्याची काच अंगणभर झाली. कारागीर बोटं पोटाशी धरून खाली बसला आणि आईबहिणीवरून शिव्या देऊ लागला.

तेवढ्यात मोगरी आली. अनुसयाच्या उजव्या मनगटावर पहिली, पाठीत दुसरी. मनगटाचं हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं आणि मग कळलं. ती पाण्यात पडली. ती बाई हौदात उतरून तिच्या छातीवर गुडघा देऊन बसली आणि तिने मोगरी दोन्ही हातांनी वर धरली. दोघींच्या अंगावरून निळं पाणी वाहत होतं. बाईच्या डोळ्यांत मागेपुढे पाहणं नव्हतं. अनुसयाला ते डोळे ओळखीचे वाटले.

“माँ, मत मार!” लोकेश काठाला लोंबकळत ओरडला. “माँ, ये उसकी माँ है!”

मोगरी वरच राहिली. कोणाची, हे तिला विचारावं लागलं नाही. मग तिचा गुडघा सैल झाला.

“कोई पुलिस मत बुलाना,” ती शेडकडे तोंड करून ओरडली. “झगड़ा निकला तो इसकी जमानत चली जाएगी.” आणि अनुसयाला दंडाला धरून तिने उठवलं, काठावरून बाहेर ढकललं. “जा. फिर इधर आई तो मार डालूँगी.”

मारेलच, याबद्दल अनुसयाला शंका नव्हती. हिच्या पोराला आपण का सोडलं, हे हिला कधीच कळणार नव्हतं. सांगण्यासारखंही ते नव्हतं. पिशवी आणि बत्ता तिथेच टाकून ती चालू लागली.

रिक्षावाल्याने निळी साडी आणि लटकता हात पाहून दोनदा मागे वळून बघितलं. घरी आनंदराव आलेला होता. कीर्तीने कॉलेजातून फोन करून त्याला घरी पाठवलं होतं, आणि खलात बत्ता नाही हे पाहून पुढचं त्याला समजलं होतं. तो दारातच उभा होता. अनुसया जिना चढून वर आली तशी त्याने तिच्या साडीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “मेला?”

त्या एका शब्दात केवढी भूक होती! अनुसया पायरीवरच थबकली. वर्षभर पहाटे डोळे मिटून बसणारा हा माणूस, तोंडावर झाकण खाऊन भातावर ठेवणारा, आत काय दाबून बसला होता ते तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

“नाही,” ती म्हणाली. “एक घाव बसला. जित्ता हाय. मीच सोडला.”

सहा फुटांचा माणूस जिन्यात बसला आणि तोंडात मूठ घालून रडू लागला. सुटकेने रडत होता की निराशेने, हे त्यालाही सांगता आलं नसतं. अनुसया त्याच्या शेजारी बसली. तिला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दवाखान्यात पायरीवरून पडले असं सांगून तिने मनगटाला प्लास्टर घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सवयीने न्हाणीघरात गेली. डाव्या हाताने मोबाइल धरून त्याच अंगठ्याने तो थांबवणं काही जमेना. मोबाइल दोनदा बादलीत पडता पडता राहिला. तिने नळ बंद केला, दार उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली.

आनंदराव न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला. ती पाटावर.

“तुम्ही हा पुरा पाह्यला का?” तिने विचारलं.

“एकदा. ठाण्यात. ओळख पटवाले लागते म्हने.” तो जमिनीकडे बघत होता. “कीर्ती म्हने, तू तं रोज पाह्यतं.”

“म्या नाही पाह्यला.” आणि तिने त्याला अकरा सेकंदांचं सांगितलं. कसं नीट स्टँड लावतो, केस कसे सारखे करतो, अंगठा कुठे ठेवते. सांगताना तिचा आवाज चोरी कबूल करणाऱ्यासारखा झाला. “मले वाटे, इथंच थांबवलं तं तो मेलाच नाही. पन वर्षभर मी त्याले तिथंच उभा ठेवला. त्या पान्याच्या पुढं. हात जोडून. ना मरू देल्लं, ना जाऊ देल्लं. काल त्या बाईले पाह्यलं तवा मले समजलं.”

आनंदरावने मोबाइलसाठी हात पुढे केला.

“मीबी बसतो,” तो म्हणाला. “एकटी नको पाहू.”

त्याने मोबाइल धरला आणि तिने डाव्या अंगठ्याने बाण दाबला. वरुण उतरला. स्टँड लावलं. हेल्मेट काढलं. “नको काढू रे,” अनुसया म्हणाली. केस सारखे केले. “भैया, शीशा मैं लगवा दूँगा. सुनो तो सही.” अकरा. तिचा अंगठा आपसूक वर आला. आनंदरावने तो आपल्या मुठीत धरला.

बाराव्या सेकंदाला पाना खांद्यावर बसला. वरुणचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे मोठे झाले. तो एक पाऊल मागे गेला, स्कूटरचा आधार घेतला. चौदाव्या सेकंदाला दुसरा घाव बसला आणि तो ओरडला, “आई!”

जन्मभर महाराष्ट्राबाहेर वाढलेलं पोरगं. घरात मम्मी, बाहेर हिंदी, मराठी बोलताना दर वाक्याला अडखळायचा म्हणून अनुसया त्याला चिडवायची. आई म्हणून त्याने तिला कधी हाक मारली होती ते तिला आठवतही नव्हतं.

“ठाणेदारानं विचारलं, ये क्या बोला?” आनंदराव म्हणाला. “म्या सांगतलं, माँ को बुला रहा है. त्यानं लेहून घेतलं. तवापासून मी रोज पहाटे डोये मिटून बसतो अन् तेवढंच ऐकतो. तुले कसा सांगू, अनुसया? कोन्या तोंडानं?”

पुढचं दोघांनी पाहिलं. तिसरा घाव. रस्त्यावर पसरलेलं रक्त. पाना टाकून पळणारा गुलाबी शर्ट. चाळीस माणसांचे चाळीस जोडी पाय, आणि त्यांतला एकही पुढे न आलेला. शेवटी मोबाइलवाल्याचा हात हलला आणि चित्र स्कूटरवर आलं. ती मेन स्टँडवर सरळ उभी होती, आरशाला हेल्मेट लटकत होतं. एक मिनिट चार सेकंद. मग व्हिडिओ संपला.

संपतो, हेच अनुसयाला माहीत नव्हतं. पडदा काळा झाला आणि त्यावर पुन्हा दाखवू का असं विचारणारा गोल बाण आला. ती त्या बाणाकडे बघत राहिली. मग तिने मोबाइल उलटा करून आनंदरावच्या हातात दिला.

“कोर्टाले लागन, ठेवा तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “अन् भंतेले फोन करा. रविवारी या म्हना.”

भंते रविवारी सकाळी आले. या वेळी शेजारीपाजारी कोणी नव्हतं, घरचे तिघेच होते. चटईवर बसताना भंतेंनी झोळीतून एक वाटी काढून परातीत ठेवली.

“या बारीनं स्टीलची आणली, माई,” ते म्हणाले. त्यांच्या घोट्यावर बोटभर पांढरा व्रण होता. अनुसया हसली नाही, पण वाकून तिने त्या व्रणाला हात लावला.

“त्याले मी माफ नाही केलं, भंतेजी,” ती म्हणाली. “तारखेले कोर्टात जाईन. साऱ्याईच्या पुढं बोलीन. जलमठेप झाली तं पेढे वाटीन. असं मनात असलं तं पाणी चालते का?”

“पाणी वरुणसाठी आहे,” भंते म्हणाले. “मारणाऱ्याचं काय ते कोर्ट बघेल. तुमच्या मनाचं काय ते तुम्ही, जमेल तसं. आज वरुणला तेवढं मोकळं करा.”

कपाटावरून तांब्या खाली आला. वर्षभराची धूळ कीर्तीने घासून काढली होती. आनंदरावने तांब्या धरला, त्याच्या हातावर कीर्तीने हात ठेवला, आणि प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून अनुसयाने डावा हात त्या दोघांच्या हातांवर टेकवला. भंते म्हणू लागले. पालीतलं सगळं तिला कळत नव्हतं. अनिच्च, म्हणजे अनित्य, हा शब्द आला तेव्हा मात्र कळला, आणि आनंदरावने भीतभीत तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली.

“मम्मी, सोडू?” कीर्तीने विचारलं.

धार बारीक होती. वाटीच्या तळाला तिचा आवाज होत होता, मग पाणी वर येईल तसा तो कमी झाला. अनुसयाचा हात कापत होता, पण खाली दोन हात होते, त्यामुळे धार तुटली नाही. पाणी काठापर्यंत आलं, क्षणभर काठावर फुगून थांबलं, आणि सांडलं.

तेव्हा अनुसया ओरडली. भंते थांबले, कीर्ती दचकली, खालच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी उघडली. हाक मारणारा दूर उभा असावा इतक्या मोठ्याने ती ओरडली होती.

“आली रे वरुण! आली, बाप्पा, आली!”

आणि परात भरून पाणी चटईवर येईपर्यंत तिने तांब्यावरचा हात काढला नाही.